कान नाशकात, गॅरंटी कुवेतला

(नाशिक, १९८४. रेडिओ, टेप आणि कानाच्या मशिनचं दुकान. सकाळची वेळ. धोंडाबाईंना ऐकू येत नाही; त्यांच्याशी बोलताना दुकानदार खंडेराव आणि मुलगा सहादू दोघंही ओरडतात. आपसात बोलताना आवाज खाली येतो.)

धोंडाबाई: दुरुस्त नाय करायचं, मंग पाटीवर ह्या मशीनच्या कंपनीचं नाव कशाला रंगवलंय? पुसून टाका आत्ताच्या आत्ता!

खंडेराव: आजी, नाव त्याच कंपनीचं, पण गॅरंटी त्या देशाची! हा शिक्का बघा! कुवेतचा आहे!

धोंडाबाई: आधी ते पान थुका. तोंडात तोबरा भरून काय बोलता, काय कळत नाय. अन् माझ्याकडं बघून बोला, पंख्याकडं बघून नका बोलू.

खंडेराव: थुंकलं! आता ऐका! जिथं मशीन घेतलं, तिथंच गॅरंटी चालते! नाशिकला चालत नाही!

सहादू: आई, मी कालपासून तुला हेच सांगतोय! कार्डावर छापलंय तसं!

धोंडाबाई: छापलंय तर छापलंय! एक सालाची गॅरंटी लिहिलीय का नाय? माझ्या लेकीनं, शकूनं, घेऊन तीन महिने झाले. ती तिथं दवाखान्यात नर्स हाय. तीन महिन्यांत कुठलं साल संपतं हो तुमचं? कान इथं नाशकात, गॅरंटी कुवेतला. मी काय कान उपटून इमानात घालून धाडू?

खंडेराव: अहो आजी, असं बघा! मी इथं टेप विकला आणि तो माणूस कुवेतला जाऊन तिथल्या दुकानदाराशी भांडायला लागला, तर चालेल का?

धोंडाबाई: तर माझी लेक त्याच्या बाजूनं भांडली असती!

खंडेराव: काय बाई आहे राव. भाऊ, तुमच्या आईला घरी न्या. सकाळपासून भवानी झाली नाही माझी.

धोंडाबाई: आमच्याच हातनं होऊ द्या भवानी. मशीन उघडा.

खंडेराव: अरे! यांना ऐकू आलं?

सहादू: छे हो. अंदाजानं बोलते. काही ऐकू येत नाही तिला. आई, चल! फुलामावशीचा मुलगा दिवाळीनंतर कुवेतला चाललाय! त्याच्याबरोबर मशीन पाठवू! तिथं फुकट दुरुस्त होऊन येईल!

धोंडाबाई: दिवाळीनंतर? अन् रविवारी काय करू? परवा रविवार हाय सहादू! त्या फोनला सांगणार का तू, दिवाळीपर्यंत थांब म्हणून?

खंडेराव: कसला फोन?

सहादू: काही नाही हो. बहिणीचा ट्रंककॉल आहे.

धोंडाबाई: मालक, मी सांगते. गंगापूर रोडला डॉक्टरीणबाई हायत, शकू त्यांच्या हाताखाली शिकली. त्यांच्याकडं रविवारी दहा वाजता शकूचा फोन येणार हाय. दोन वर्सं झाली पोर जाऊन. समोर माणूस असलं तर मी कसंबी भागवून घेते. फोनमधी माणूस दिसत नाय. म्हणून तर पोरीनं हे मशीन धाडलं. फोन कानाला नाय लावायचा म्हणली, छातीवरच्या डबीला धरायचा. डबी आवाज कानात पोचवती. डॉक्टरीणबाईंनी तसं करून बी दाखवलं मला. अन् बारा दिवस झाले, डबी मुकी.

खंडेराव: पडली होती का? पाणी गेलं का?

धोंडाबाई: पडती कशी? पिशवी शिवून गळ्यात बांधली व्हती. रातच्याला उशाशी. मी माझ्या पोरांना जपलं नाय एवढं जपलंय तिला. सकाळी उठून बघते तर ठार बंद. सेल बदलले, तरी बंद. अठरा वर्सं आग्रा रोडच्या खडी क्रशरवर काढली मी. त्या दगडांनी कान खाल्ले. तवा कोणी गॅरंटी दिली न्हवती, अन् मी मागितली बी नाय. आता कागदावर लिहून दिलीय, शिक्का मारून दिलीय, तर तुम्ही म्हणता समुद्राच्या पल्याड जा!

खंडेराव: बरं बरं, माझ्यावर आग पाखडू नका! उघडून बघतो!

सहादू: नको! शेठ, उघडू नका. कार्डावर लिहिलंय, बाहेरच्यानं उघडलं तर गॅरंटी रद्द.

खंडेराव: जी गॅरंटी इथं चालतच नाही ती रद्द झाली तर आपलं काय बिघडलं? अर्धा तास मीच सांगतोय ना, चालत नाही म्हणून?

सहादू: इथं नाही, पण तिथं चालेल ना. उगाच हात लावून ठेवू नका. मी लेखी तक्रार करीन.

खंडेराव: ओ साहेब, आवाज खाली. तुमच्या आईचं ऐकून घेतोय ते म्हातारं माणूस म्हणून. तुमचं ऐकणार नाही.

धोंडाबाई: उघडा मालक! तो काय सांगतो त्याच्याकडं बघू नका. मशीन माझं, कान माझा. गॅरंटी गेली तर गेली खड्ड्यात!

खंडेराव: उघडतो! ... हे काय? हे कागदी सील आधीच फाटलेलं आहे. डिंकानं परत चिकटवलंय.

सहादू: तसंच आलं असेल तिकडून.

खंडेराव: तिकडून डिंक लावून येत नाही माल. आणि ही बघा सेलची तार. तुटलेली नाही ही, कापलेली आहे. ब्लेडनं. दोन्ही टोकं बघा कशी सरळ आहेत.

सहादू: आई, चल! निघू आपण!

खंडेराव: भाऊ, मी बोलतोय तुमच्याशी. घरात ब्लेडनं दाढी कोण करतं?

धोंडाबाई: काय निघालं सहादू?

सहादू: बघतायत अजून! थांब!

खंडेराव: तुम्ही कापलीत?

सहादू: हळू बोला.

खंडेराव: कोणासाठी हळू? त्यांना ऐकू येत नाही असं तुम्हीच सांगितलंत. ऐकू येऊ नये याची व्यवस्थाही तुम्हीच केलीत. शाबास!

सहादू: तुम्हाला आमच्या घरातलं माहीत नाही, शेठ. माझ्या बहिणीनं तिकडं लग्न केलंय. केरळचा माणूस, ख्रिस्ती. तिच्याच दवाखान्यात आहे. पाच महिन्यांची मुलगी आहे त्यांना. आईला यातलं काही माहीत नाही. मी सटाण्याच्या कोंडाजीमामांना शब्द देऊन बसलोय, शकू आली की त्यांच्या मुलाशी तिचं लग्न लावून देऊ म्हणून. दर रविवारी विहारात लोक विचारतात, शकू कधी येणार, साडी कुठली घ्यायची. काय तोंड दाखवू मी?

खंडेराव: म्हणून आईचा कान कापलात?

सहादू: तार कापली. जोडता येते ती.

खंडेराव: आणि कार्ड वाचूनच कापलीत. इथला दुकानदार कार्ड बघून नाही म्हणेल, मशीन कुवेतला जाईल, रविवार निघून जाईल. म्हणजे मी 'नाही' म्हणावं हीच तुमची योजना होती. सकाळपासून मी या बाईंच्या शिव्या खातोय त्या तुमच्या वाटच्या!

सहादू: मला फक्त वेळ पाहिजे होता. शकूनं फोनवर एकदम सांगून टाकलं तर आईला काय होईल? तिला रक्तदाब आहे. जावयाचं सांगायचं, नातीचं सांगायचं, ते जरा पद्धतशीर...

खंडेराव: पाच महिने पद्धत सापडली नाही तुम्हाला?

धोंडाबाई: सहादू, काय निघालं ते सांग ना. मालकाचं तोंड का उतरलंय?

सहादू: आतमध्ये कार्बन साचलाय आई! मोठं काम आहे! इथं होणार नाही!

खंडेराव: अहो! माझ्या दुकानात उभं राहून माझ्या नावावर खोटं?

सहादू: शेठ, हात जोडतो. रविवार जाऊ द्या. सोमवारी मी स्वतः घेऊन येतो, जोडून द्या.

धोंडाबाई: कार्बन?

सहादू: हो आई! कार्बन!

धोंडाबाई: परत एकदा इचारते. खरं सांग. काय निघालं?

सहादू: सांगितलं ना! कार्बन! चल आता, मला ऑफिसला उशीर होतोय!

धोंडाबाई: कार्बन म्हणताना तुझं तोंड पूर्ण उघडत नाय रे. ब्लेड म्हणताना मालकाचं उघडलं.

खंडेराव: आजी?

धोंडाबाई: क्रशर चालू असला की शेजारच्या बाईचं कायबी ऐकू यायचं नाय मालक. अठरा वर्सं आम्ही बाया एकमेकींच्या तोंडाकडं बघून बोललो. कोणाचं पोर तापलंय, कोणाचा नवरा मारतोय, सगळं. बयाबाईनं तिची सून बाळंतपणात गेली ते मला डोक्यावर घमेलं असताना नुसत्या ओठांनी सांगितलं. मी घमेलं तसंच धरून उभी राहिले. तवापासनं मला माणसाचं तोंड दिसलं की पुरतं. म्हणून तुम्हाला पान थुकायला लावलं.

सहादू: आई, तू कधी...

धोंडाबाई: तू गप. तुझी पाळी झाली. तीनदा दिली तुला पाळी. लहानपणापासनं तू माझ्याशी वरडून बोलतोस. मी कधी म्हणलं नाय, वरडू नको म्हणून. वाटायचं, आपलं पोर निदान वरडून तरी बोलतंय.

सहादू: तुला शकूचं...

धोंडाबाई: शकूचं मला तिच्या लग्नापासनं ठाऊक हाय! पत्र आलं की तू मला वरडून सांगायचास, शकू बरी हाय, जेवती वेळेवर. अन् मंग माझ्याच पुढ्यात बसून बायकोला हळू आवाजात सगळं वाचून दाखवायचास. म्हातारी बहिरी, तिच्यापुढं कसली लाज! तो केरळचा, त्याच्या आईनं शकूला सोन्याचं कायतरी घातलं, शकूचे दिवस भरत आले, पोरगी झाली, सगळं तुझ्या तोंडावर वाचलं मी. प्रत्येक पत्रात पोर लिहिती, दादा आईला सांग. अन् तू तेवढं वाचून पाणी प्यायचास.

सहादू: मग बोलली का नाहीस? एवढे दिवस!

धोंडाबाई: का म्हणजे? तू सांगावं म्हणून! म्हणलं, आज सांगंल, उद्या सांगंल. मुलगा हाय, कधीतरी तोंड फुटंल. मशीन आलं अन् तुम्ही दोघं पत्र वाचायला मोरीत जायला लागलात. बारा दिवसांमागं मशीन बंद पडलं, अन् दुसऱ्या दिवशी पत्र परत माझ्या पुढ्यात. तवाच मनात आलं व्हतं काय काय. पण म्हणलं, नाय. एवढं नाय करायचा. सहादू एवढं नाय करायचा.

सहादू: आई, मी तुझ्यासाठीच...

धोंडाबाई: माझ्यासाठी? माझ्या उशाशी येऊन, मी झोपलेली असताना, ब्लेड घेऊन? लाज नाय वाटली तुला? तुझ्या त्या कोंडाजीमामाच्या शब्दासाठी? तो शब्द मी दिला व्हता का शकूनं दिला व्हता? जा, आजच्या गाडीनं सटाण्याला जा अन् सांगून ये, लेक नांदती तिच्या घरी. विहारात कोणी इचारलं तर मला दाखव त्याचं तोंड, मी देते उत्तर!

सहादू: लोक...

धोंडाबाई: लोकांचं तोंड मी तुझ्यापेक्षा चांगलं वाचते. कोणी काय बोलत नाय तुझ्याबद्दल. तूच भितोस.

खंडेराव: आजी, एक मिनिट. तार जोडली मी.

धोंडाबाई: जोडली?

खंडेराव: तुमचं भांडण चालू होतं, तेवढ्यात झालं. सोल्डरचे दोन थेंब. हे घ्या, कानात घाला. बटण मी फिरवतो.

धोंडाबाई: अगं बया. तुमचा पंखा लय खडखड करतो हो. तेल घाला त्याला.

खंडेराव: घालतो. आणि आजी, या कामाची गॅरंटी माझी. नाशिकची. आयुष्यभर. कार्ड नाही देत, कार्डावर तुमचा विश्वास उडालाय.

धोंडाबाई: तुमच्यावर बी लय नव्हता मघाशी. चला, पाटी राहू द्या तशीच.

सहादू: आई. रविवारी... मी येऊ का बरोबर?

धोंडाबाई: मला शकूशी काय बोलायचं नाय लय. तिचं सगळं मला ठाऊक हाय. ती म्हणंल, आई कशी हायस, मी म्हणीन, बरी हाय. मला त्या पोरीला ऐकायचंय. पाच महिन्यांचं लेकरू कायतरी हुं हुं करतं. ते कोणाच्या ओठांवर दिसत नाय. तेवढ्यासाठी आले मी इथं भांडायला.

सहादू: चुकलं माझं.

धोंडाबाई: हां. ते ऐकू आलं. आता एक सांग. पोरीचं नाव काय ठेवलंय? पत्रात ती ओळ आली की तू तोंड मिटून घ्यायचास. तेवढंच एक मला कधी वाचता नाय आलं.

सहादू: आई, तिचं नाव...

धोंडाबाई: वरडू नको रे. साधं बोल. आता ऐकू येतंय मला.