खालची नळी गार

गोंगोर : ...म्हणून म्हणतो दुलमा, गाडी वळव. आत्ताच हात लावून आलो. वरची नळी चटका देतेय, खालची बर्फ. पाणी फिरत नाहीये. पंप गेला म्हणजे इंजिन गेलं!

दुलमा : बाबा, आधी दार लावा. उणे चाळीस आहे बाहेर. आणि तापमानाचा काटा बघा की—

गोंगोर : काटा बघायला डोळे असते तर उलियास्तायच्या दवाखान्यात कशाला निघालो असतो?

दुलमा : बरं, मी सांगते. काटा मध्यावर आहे, हलत नाही. पायाशी गरम हवा लागतेय ना? मग पाणी फिरतंय.

गोंगोर : आणि खालची नळी?

दुलमा : अशा थंडीत ती गारच राहायची. इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप जेमतेम किलकिली होते. रेडिएटरमध्ये घोटभर पाणी जातं, ते तिथेच थंड पडतं.

गोंगोर : जन्मभर ट्रक हाकला मी. दोन्ही नळ्या सारख्याच लागायच्या.

दुलमा : लागणारच! झडप उन्हाळ्यात उपटून फेकली होतीत ना, सगळ्या ड्रायव्हरांसारखी? मग हिवाळाभर मेंढीच्या कातड्यात कुडकुडत बसायचात. आई सांगायची.

गोंगोर : तुझी आई काहीही सांगायची. तेल तरी तापलंय का?

दुलमा : तेल पाण्याच्या मागून तापतं. म्हणून तर सुरुवातीला हळू आणली. तुम्ही म्हणालात, उंटावर बसलोय का.

गोंगोर : मग रेडिएटरपुढची लोकरी नमद्याची झूल तरी उघड. इंजिन कोंडलंय.

दुलमा : वारा समोरून आहे. राहू दे.

गोंगोर : तरी घरी जाऊन एकदा बघू. उद्या निघू.

दुलमा : उद्या डॉक्टर राजधानीला परत जाणार, ते थेट वसंतात येणार. तोवर उरलीसुरली नजरही जाईल, त्यांनीच सांगितलंय. बाबा, सकाळी चहासुद्धा घेतला नाहीत. गाडी ठणठणीत आहे. तुम्हाला काय झालंय?

गोंगोर : ...आपल्या शेजारच्या त्या बात्सूखनं ऑपरेशन करून डोळा कापून घेतला. पट्टी सोडली तर काळोख.

दुलमा : त्यांनी दवाखान्यात जायलाच फार उशीर केला होता.

गोंगोर : आत्ता अंधुक का होईना, तू बसलेली दिसतेस. तेवढंही गेलं तर?

दुलमा : भीती वाटते म्हणायला लाज कसली? मलाही वाटतेय.

गोंगोर : तुला कसली भीती?

दुलमा : तुम्ही वळव वळव म्हणत राहाल, आणि एखाद्या वेळी मी खरंच वळवीन.



गोंगोर : नको वळवूस. मी म्हटलं तरी.