गोलूतलं खरं पोवळं

—नाही नाही, खुर्ची कशाला, इथेच बैस नंदिता, चटईवर, गोलूच्या, या बाहुल्यांच्या पायऱ्यांच्या, अगदी समोर. हे सगळं तुझ्यासाठीच मांडलंय बाई! दरवर्षी नवरात्रात या पायऱ्यांवर दशावतार असतात, लग्नाची वरात असते — यंदा म्हटलं समुद्र! गिरीधर म्हणाला, अम्मा, नंदिता मंडपमला समुद्रात बुडी मारून पोवळ्यांचे तुकडे सिमेंटच्या ठोकळ्यांना बांधते, रोपं लावावीत तशी, मग इथे चेन्नईच्या ऑफिसात येऊन किती जगली, किती मेली ते तपासते — म्हटलं, मग आपणही लावू की! हे ठोकळे म्हणजे साबणाच्या वड्या हो. त्या बाहुलीच्या बुडी मारायच्या पोशाखासाठी माझी छत्री फाडली. आणि हा ढेरपोट्या चेट्टियार — एरवी डाळ-तांदळाचं दुकान मांडून बसतो, यंदा त्याला फॉरेस्ट ऑफिसर केलाय. बघ, बढती मिळाली तरी बसलेलाच! — हसलीस. बरं वाटलं.

सुंडल घे, हरभऱ्याची उसळच ही, नारळ घातलेली. तिखट नाही ना? गिरीधरनं बजावलंय, अम्मा, तू जास्त बोलू नकोस. मी बोलते का जास्त? उगीच! तोच रोज जेवताना — नंदिता अशी, नंदिता तशी — उन्हाळ्यात पाणी तापलं, पोवळी पांढरी पडली, तेव्हा तू पाण्यात मास्कच्या आतच रडलीस म्हणे. सांगताना याचा घास हातातच. आता सिरुसेरीत कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या मुलाला पोवळ्यांचं एवढं काय पडलंय? मला काही कळत नाही होय! पोहायलासुद्धा शिकतोय — अय्यो, हे सांगायचं नव्हतं. तुला म्हणाला ना, लहानपणापासून येतं? कसलं येतं! अजून कठडा सोडत नाही.

कुठे बघतेस? ते मधलं? ते थर्मोकोल नव्हे हो, खरं आहे! सासूबाईंनी रामेश्वराहून आणलेलं, तेव्हा शंख-शिंपल्यांबरोबर मिळायचं. दरवर्षी सोड्यात भिजवून घासते मी, म्हणून एवढं शुभ्र — का गं? सुंडल खाली का ठेवलंस? ...आँ? कायद्यात वाघाच्याच रांगेत? घरात ठेवणं गुन्हा? म्हणजे इतकी वर्षं मी वाघ घासत होते! — नाही गं, तुला नाही हसत. ...एवढंसं वाढायला इतकी वर्षं लागतात? आणि मी ते सोड्यानं... हे मला कुणी सांगितलंच नाही. खरंच नाही.

काढू? आत्ता? ते जमायचं नाही. विजयादशमीला रात्री एक बाहुली आडवी निजवायची, मगच पायऱ्यांवरचं हलवायचं, त्याआधी बोट लावायचं नाही. तंजावरपासूनची रीत आहे, माझ्या पदरची नव्हे. — तुम्ही ऑफिसातून जमा करवाल? करवा की. पण मी हात लावणार नाही. मेले तरी नाही! ...हां, एक वाट आहे. घरच्या सुनेनं उचललं तर दोष लागत नाही म्हणतात. कोण म्हणतं? मी म्हणते. आत्ताच. रीत कुणीतरी पहिल्यांदा म्हणावीच लागते ना! तेव्हा बघ बाई — दसऱ्यापर्यंत थांब, नाहीतर — मी काही घाई करत नाही हो, मी आपली सुंडल —

अगं.

अगं, तू — दोन्ही हातांनी? ...हळू, टोचतं ते. ...नंदिता, मी गंमत करत होते गं. तूही गंमतच करतेस ना? ...नाही? ...बघ हं. नाही?

गिरीधर! दाराआडून काय ऐकतोस, पाय दिसतायत तुझे! ये बाहेर, जुनी वर्तमानपत्रं आण, हे नीट गुंडाळून दे तिला, आणि कुठे जमा करायचं तिथे दोघं मिळून जा. — माझ्याकडे काय बघता? जा म्हणते ना! मला जरा बसू दे इथे.