सरदाराचा गुडघा

अमेरिकेत, सनीव्हेलच्या किराणा दुकानात, बिलाच्या रांगेत, माझ्यापुढे दोघं मराठीत बोलत होते.

"यतीन, हिमानीला सांगितलंस का, तू तिचा खरा बाप नाहीस ते?"

"काल सांगितलं. ती शाळेसाठी युरोपातल्या जुन्या सरदारांची गोष्ट वाचत होती. एक सरदार परक्याचं मूल वाढवतो. पुढे तेच राजा ठरतं, तेव्हा हा गुडघ्यावर बसून सांगतो, मी तुझा बाप नाही."

"मग?"

"मला वाटलं, आपणही तसंच सांगावं. ऐटीत गुडघ्यावर बसलो, सगळं सांगितलं आणि गुडघा आखडला यार! उठताच येईना."

"धन्य आहेस! ती काय म्हणाली?"

"तिनं हात पुढे केला. म्हणाली, 'बाबा, गेट अप.'"