जमीन मऊ होती म्हणे

सभागृह समितीचे अध्यक्ष फिंडले मॅकफेल, मंचावरचे पाहुणे, टॉर्किलच्या पत्नी ओनाबाई आणि सरोवराच्या दोन्ही काठांवरून आलेल्या मंडळींनो,

सत्कारमूर्तींना ‘अहो’ म्हटलं तर ते उठून जातील, म्हणून मी टॉर्किलच म्हणते.

टॉर्किलला कुंपणाचं काम देणं म्हणजे काय, हे का तुम्हाला सांगायला हवं? “वसंतात येतो,” म्हणायचा. कुठल्या वसंतात, ते आपण विचारायचं नाही.

माझा नवरा युअन गेला तेव्हा मात्र टॉर्किल लगेच आला. सरोवरातून होडी तेवढी काठाला लागली होती, युअन नाही. मला किनाऱ्याकडे जाणारी वाटच बंद हवी होती.

रीतीप्रमाणे शेजारचा फर्गसही हद्द चालून बघायला आमच्याबरोबर होता. मी टॉर्किलला म्हटलं, “सरळ तार ओढ. फाटक नको.”

“अगं इशबेल, मेंढ्या पाणी कुठे पिणार?” फर्गस म्हणाला.

“ओढ्यावर. तू तुझ्या मेंढ्या बघ. निम्म्या माझ्याकडेच चरतात.”

टॉर्किल एवढंच म्हणाला, “कुंपण तुझं. सांगशील तसं.”

आणि त्याने तसंच केलं. फक्त सरळ रांगेच्या मधोमध दोन जाडजूड खांब रोवले, कोपऱ्यावर ताण घ्यायला रोवतात तसे.

“हे कशाला रे?”

“जमीन मऊ आहे इथे.”

मंडळी, तिथे खडक आहे. त्याची पहार खणखणताना मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. पुढे कित्येक वर्षं भांडी घासताना खिडकीतून ते दोन खांब दिसायचे. त्यांच्यामध्ये फाटकाएवढी जागा होती. तो कधी त्याबद्दल बोलला नाही, मीही विचारलं नाही. दुःखात माणसाला समजावणारे पुष्कळ भेटतात. वाट बघणारा एखादाच.

गेल्या महिन्यात कळलं, टॉर्किल काम थांबवतोय. मी फोन केला. “त्या दोन खांबांमधली तार काढायची आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हजर! गाडीत फाटक तयार.

“एका रात्रीत केलंस?”

“छे गं. तेव्हाच केलं होतं. शेडमध्ये सारखं पायात यायचं. ओना रोज ओरडते.”

ओनाबाई, इतकी वर्षं माझी अडचण घरात ठेवलीत, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू? समितीचे आणि चहा करणाऱ्यांचेही आभार. मला भाषणाची सवय नाही. कुठे तार सैल राहिली असेल तर सांभाळून घ्या.

टॉर्किल, काल मी पाण्यापर्यंत जाऊन आले. थोडा वेळ बसले. परत येताना फाटक लावलं. कडी एका बोटाने लागते.