गाळलेली ओळ

कानाच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या बस ड्रायव्हरला पेपर वाचायचा होता. पण शेजारचे म्हातारबाबा आणि त्यांची लेक इतक्या मोठ्याने बोलत होते, की पेपर मांडीवरच राहिला.

"बाबा, त्या रॉकवाल्यांनीच तुमच्या कानांचं वाटोळं केलं."

"अगं, मला कान दिले कोणी? त्यांनीच. त्याआधी नुसते आवाज ऐकू यायचे."

"आता तो गिटारवालाही गेला."

"गेला. मोठ्या मनाचा माणूस. आमच्याकडच्या त्यांच्या रेकॉर्डवर चरा पडलेला, सुई एक ओळ गाळून पुढे उडायची. मला आणि तुझ्या काकाला वाटायचं, गाणं तसंच आहे."

"आणि त्यांच्या कार्यक्रमात फजिती!"

"फजिती म्हणजे काय! सगळे एक ओळ गाताहेत आणि आम्ही दोघं, स्पीकरला चिकटून, बेंबीच्या देठापासून पुढची! लोक फिदीफिदी हसले. त्याने आमच्याकडे बघितलं, बँडला खूण केली, आणि ते कडवं पुन्हा आलं तेव्हा अख्ख्या बँडने ती ओळ गाळली. आम्हा दोन पोरांसाठी! त्याचे उपकार कसे फेडायचे, सांग."

"कानाचं मशीन बसलं की पहिलं तेच गाणं ऐका."

"भीती वाटते गं. वेगळंच ऐकू आलं तर?"

"मग मी गाऊन दाखवेन की. बाळाला रोज तेच गाऊन झोपवते."

"ती ओळ गाळून?"

"मला दुसरं कुठे येतं, बाबा?"

"काय म्हणालीस?"

"ऐकू नाही आलं?"

"आलं. पुन्हा म्हण."