लाल टोपीवाल्याचं दूध

हसू नका, पण एका जर्मन भुतामुळे माझी आठवडाभर झोप उडाली होती. कोल्हारजवळच्या साखर कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या जर्मन इंजिनियरच्या बायकोनं आमच्या सहा वर्षांच्या सुमीला चित्रांचं पुस्तक दिलं. त्यात लाल टोपीचा, गोबऱ्या गालांचा कोबोल्ड, म्हणजे तिकडचं घरभूत, घरातली सगळी कामं करतो आणि सदा हसतो. मी पडले शिकलेली! नगरच्या वाचनालयात वाचलेलं सुमीला सांगून बसले, की जुन्या लोककथेतला कोबोल्ड काही इतका गोड नव्हता. कामं करायचा, पण रोजची दुधाची वाटी चुकली की भांडी फोडायचा, माणसांना चिमटे काढायचा.

दुसऱ्या दिवसापासून सुमी आपल्या वाटणीचं अर्धं दूध चुलीमागे ठेवू लागली. दुष्काळाचं साल, दूध एवढंसं मिळायचं; तिला पुरावं म्हणून मी कोरा चहा प्यायचे.

सासूबाई म्हणाल्या, "घातलंस ना लेकराला भ्या? आपली भुतं काय कमी हुती व्हय, म्हनून जर्मनीचं आनलंस?"

शेवटी मी सुमीला जवळ घेतलं. म्हटलं, "घाबरू नकोस गं. तो जुना कोबोल्ड गेला. आता हा पुस्तकातला हसरा आहे, तो काही मागत नाही."

"मी ह्याच्यासाठीच ठेवते," सुमी म्हणाली. "जुना भांडी फोडून तरी दूध मिळवायचा. हा तुझ्यासारखा नुसती कामं करतो. ह्याला कोण देणार?"