जोथमचे हातमोजे

मेहिटेबल : मी हातमोजे वाटले तर तुम्ही खांदा देणार नाही? भावोजी, परत एकदा बोला. माझ्याकडे बघून बोला.

एलिफलेट : वहिनी, मी देणार नाही असं नाही. मला देता येणार नाही, असं.

मेहिटेबल : हा काय फरक झाला?

एलिफलेट : तोच मी सकाळपासून शोधतोय.

केझाया : आई, काकांना का छळतेस? गावसभेत ठराव झालाय. विलायती माल बंद. मौतीला मोजे वाटायचे नाहीत, काळी रेशमी फीत लावायची नाही. अख्ख्या मार्बलहेड गावानं मान्य केलंय.

मेहिटेबल : तू गप्प बस. बाप आत पेटीत आहे आणि ही मला ठराव शिकवते! भावोजी, तीस वर्षं या गावात कुणीही गेलं की पहिली हाक कुणाला?

एलिफलेट : जोथमला. पिंपं बनवणाऱ्याचे खांदे ते.

मेहिटेबल : आणि खांदा देणाऱ्याला त्या घरानं मोज्यांचा जोड द्यायचा, ही रीत कुणाची? माझी? तीस वर्षांत ह्यांनी एक जोड हातात घातला नाही. सगळे त्या पेटाऱ्यात. म्हणायचे, मेहिटेबल, माझी वेळ आली की हेच वाटायचे, गावाचं गावाला परत. मी शब्द दिलाय. आता तीन वाजता गाव दारात येईल आणि मी रिकाम्या हातानं उभी राहू?

केझाया : गेल्या महिन्यात त्या जहाजवाल्याच्या विधवेनं वाटले. दुसऱ्या दिवशी तिचं नाव सभाघराच्या दारावर चिकटवलं. मासळीवालीसुद्धा आता तिच्या दारी थांबत नाही.

मेहिटेबल : ते नवे घेतलेले होते! हे जुने आहेत. जुन्यावर कसला कर?

केझाया : मोज्यांवर कर नाहीच आहे, आई.

मेहिटेबल : नाही?

केझाया : नाही. चहावर आहे. काचेवर, रंगावर, कागदावर.

मेहिटेबल : मग मेल्या मोज्यांनी कुणाचं काय वाकडं केलंय?

केझाया : अगं, त्यांचं काहीच घ्यायचं नाही. म्हणजे तिकडचे व्यापारी रडतील, मग ते पार्लमेंटला सांगतील, मग पार्लमेंट...

मेहिटेबल : म्हणजे मी माझ्या नवऱ्याला मोज्यांशिवाय पुरायचं, मग लंडनचा कुणी मोजेवाला रडणार, मग चहा स्वस्त होणार?

केझाया : स्वस्त महागचा प्रश्नच नाही! आपल्याला न विचारता बसवलाय कर. आपला एक माणूस नाही तिथे. आज तीन पेन्स, उद्या आणखी कशावर!

मेहिटेबल : आणि राजा? त्याला ठाऊक आहे का हे?

केझाया : राजा चांगला आहे म्हणतात. त्याच्या मंत्र्यांचं चुकतंय.

मेहिटेबल : मग बोस्टनमध्ये लाल डगलेवाले शिपाई कुणी पाठवले? मंत्र्यांच्या बायकांनी?

केझाया : ते... काका, तुम्ही सांगा ना. ठराव पाळला जातो का बघणाऱ्या समितीवर तुम्ही आहात.

एलिफलेट : मला विचारू नकोस पोरी. रविवारी राजासाठी प्रार्थना करतो, सोमवारी राजाच्या माणसांना आमच्या जहाजांची झडती घेताना बघून दात खातो. दोन्ही मनापासून. माझं डोकं चालेनासं झालंय.

मेहिटेबल : मग ठरावाला होकार कशाला दिलात?

एलिफलेट : सगळ्यांनी हात वर केला. जोथमनंही केला.

मेहिटेबल : काय?

एलिफलेट : माझ्या शेजारीच बसला होता. माझ्या आधी वर केला हात.

मेहिटेबल : खोटं! हे राजकारणाचं नाव निघालं की उठून पिंपांकडे जायचे. मला एका शब्दानं बोलले नाहीत.

एलिफलेट : तुम्ही ओरडाल म्हणून नसेल बोलला.

मेहिटेबल : मी? मी कधी ओरडते?

केझाया : आई, आता ओरडतेच आहेस.

मेहिटेबल : पेटारा आण. आण म्हणते ना! ह्यांच्या कमरेची किल्ली तिथे ताटलीत आहे. वाटायचे नाहीत तर नाही, पण मला बघू दे. शब्द मला दिला होता, गावसभेला नाही.

(केझाया पलंगाखालून पेटारा ओढून आणते, उघडते.)

केझाया : आई...

मेहिटेबल : काय झालं? कसर लागली?

केझाया : अंगठे नाहीत.

मेहिटेबल : कुणाचे?

केझाया : मोज्यांचे. हा बघ. हाही. सगळ्यांचे अंगठे कापलेत. अगदी सरळ, कात्रीनं.

मेहिटेबल : अगं बाई! ठरावाच्या दिवसांत रोज अंधार पडेपर्यंत माळ्यावर बसायचे कात्री घेऊन. मी विचारलं तर म्हणाले, जाळं दुरुस्त करतोय. पिंपवाल्याला कुठून आलं जाळं, हे माझ्या डोक्यात आलं नाही! एवढं चांगलं कातडं, सगळं नासवलं. ज्यानं वाकडा खिळासुद्धा फेकला नाही कधी, त्यानं हे करावं? भावोजी, आजारपण डोक्यात गेलं होतं का हो?

एलिफलेट : थांबा. थांबा जरा वहिनी. माझ्या डगल्याच्या खिशात... हे बघा.

केझाया : हे काय?

एलिफलेट : कॉड मासा चिरताना अंगठ्याला घालायचं टोपण. या हंगामात जोथमनं दिलं. मला एकट्याला नाही, मासे सुकवायच्या माचांवर जेवढे सुरी धरतात तेवढ्या सगळ्यांना. म्हणाला, ठेवा, अंगठे सांभाळा. आम्हाला वाटलं, कुठून तरी कातडं स्वस्तात मिळालं असेल.

केझाया : बसतंय बघ, आई. या मोज्याला बरोबर बसतंय.

मेहिटेबल : म्हणजे... वाटले?

एलिफलेट : वाटले. स्वतःच्या हातानं, जिवंतपणी. ठराव मोडला नाही आणि गावाचं गावाला दिलंही.

मेहिटेबल : आणि मी इथे दोन दिवस जीव काढतेय!

एलिफलेट : खांदा द्यायला सहाजण येतायत. सहाही जणांकडे आहे हे टोपण. सांगू त्यांना, खिशात ठेवून या म्हणून?

मेहिटेबल : खिशात का? घालून या म्हणावं.

केझाया : पण आई, कातडं विलायतीच आहे. समितीनं विचारलं तर?

मेहिटेबल : समिती इथेच बसलीय, डोळे पुसतेय. काय हो, चालेल?

एलिफलेट : मोजे बंद आहेत वहिनी. अंगठ्यांबद्दल कुणी काही बोललेलं नाही.

मेहिटेबल : मला अजून कळलेलं नाही बरं का. चहावर कर, म्हणून मोज्याचा अंगठा. पण ह्यांनी काहीतरी ठरवलं होतं, आणि ते मोडायचं माझ्या हातून होणार नाही. गावभर वाटत फिरले. फक्त घरात सांगायला तोंड नव्हतं. मला नाही दिला एकही.

केझाया : तळाशी एक जोड अख्खा आहे, आई. फडक्यात गुंडाळलेला. लहान मापाचा.

मेहिटेबल : दाखव... हा माझ्या आईच्या मौतीला मला मिळालेला. माझ्या मापाचा. हा नाही कापला?

केझाया : नाही. घालतेस? बाहेर बर्फ पडायला लागलंय.

मेहिटेबल : ठेव परत. पेटी झाकायच्या आधी ह्यांचा हात धरायचाय मला.